वाट पाहा, बंद करा

विला दो कोंद. धुकं नदीवरून उठून
थेट जिन्यापर्यंत आलेलं.
तिसऱ्या मजल्यावर दोना देओलिंदा दारातच उभ्या,
एप्रनला हात पुसत:
"आलास, आवेलिनु? तो बोलत नाहीये."
घरातल्या माणसाबद्दल सांगावं तसं.

माझा धंदा हा असा. कुणाचं काही अडतं
आणि मी जाऊन मारतो.
तीन कळा एकदम, मग यादी, मग नाव,
मग खालच्या कोपऱ्यातलं ते बटण.
दिवसाला सहा-सात. मोजत नाही.
खाटकाला तरी कोण रोज आकडा विचारतं?

पडद्यावर लेसचा नमुना, पांढुरका पडलेला,
तापातून उठलेल्याच्या तोंडासारखा.
चौदाशे ठिपके. प्रत्येक ठिपक्यात
उद्या एक टाचणी उभी राहणार,
आणि त्या सगळ्यांवर एक निळं कडं
गरगर, गरगर, जागच्या जागी.
चौकटीत लिहिलेलं: प्रतिसाद देत नाही.
खाली दोन बटणं.
वाट पाहा. बंद करा.

"कधीपासून?"
"सातच्या घंटेपासून. मी दर वेळी पहिलंच दाबलं."

अडीच तास.
चौकट जायची, थोड्या वेळानं परत यायची
वसुलीवाल्यासारखी,
आणि ही बाई पुन्हा तिला मुदत द्यायची.

मी खुर्ची ओढली. बोटं कळांवर नेली,
तर मनगटावर त्यांचा हात.
हलकाच, पण साठ वर्षं लाकडी रिळं फिरवलेला;
मला हलता येईना.
"आधी बघ तरी, कशात अडकलाय."

हे कुणी विचारत नाही.
खरं सांगायचं तर मीही नाही.
पण पुढचं गिऱ्हाईक साडेअकराचं होतं,
कॉफी चुलीवर होती,
म्हणून शिरलो आत, जिकडे सहसा फिरकत नाही:
कुठला धागा कुणासाठी थांबलाय, ते बघायला.
आमच्यातही धागाच म्हणतात, असं सांगितलं,
तर एवढ्या काळजीतही हसल्या.
"मग गाठ कुठंय?"

बाकी सगळे मोकळे.
एकच खोळंबलेला, प्रिंटरपाशी.
कागदाची रुंदी विचारायला गेला होता सात वाजता,
उत्तर आलं नाही,
उत्तराशिवाय परत फिरायचं
कुणी शिकवलं नव्हतं त्याला.

"प्रिंटर कुठंय?"

त्या कपाटाकडे बघतात.
कपाटावर धुळीत एक स्वच्छ चौकोन.
"फिलोमेनानं नेला. लक्झेंबर्गला, रविवारी.
मागच्या सीटवर ठेवला, पट्टा लावून."
कॉफी उतू गेल्याचा वास आला.
दोघंही उठलो नाही.
"आणि ह्याला कुणी सांगितलंच नाही," म्हणाल्या.

मग मी माझ्या कामाच्या आवाजात बोललो:
आता बंद करावंच लागेल.
शेवटचं जपलेलं काल दुपारचं आहे,
त्यानंतरचं जाईल.
त्यांनी डोळे मिटून मोजलं.
"पाखराचा डावा पंख," म्हणाल्या,
"आणि शेपटीची सुरुवात.
जाऊ दे. तो हातात आहे."

बटण त्यांनीच दाबलं,
करंगळीनं, का कुणास ठाऊक.
कडं थांबलं. नमुना गेला.
मागे समुद्राचा एक फोटो, तोही फॅक्टरीतला,
इथला नव्हे.
"एवढंच?"
"एवढंच."
"आवाजसुद्धा नाही."

निघताना विचारलं,
प्रिंटरचं नाव यादीतून काढून टाकू?
नाहीतर पुन्हा जाईल विचारायला, पुन्हा अडकेल.
"राहू दे. नाताळला येणार आहे ती."
अहो, पण प्रिंटर घेऊन येणार नाही.
"अडकला तर तू ये."

वीस युरोंची पावती फाडली.
त्यांनी पंचवीस मोजले.
वरचे पाच, पुढच्या खेपेचे.